रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण ताईचा पाय उचलत नाही (एफएनडी, म्हणजे फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर - ठाण्यात कुणाला अनुभव आहे का?)

खाडीपल्याड | ६ ऑक्टोबर, रात्री ११:४०

धागा आरोग्य विभागात टाकावा की 'मदत हवी आहे'मध्ये, कळेना. चुकला असेल तर हलवा.

माझी ताई ४१ वर्षांची. कोपरीला राहते, नोकरी ऐरोलीला. गणपतीच्या गर्दीत ठाणे स्टेशनच्या जिन्यावर तिचा उजवा पाय मुरगळला. तीन आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं त्या दिवशी ती उठायला गेली आणि पाय उठेचना. घोटा नाही, कमरेपासून अख्खा पाय! 'कुणी दुसऱ्याचा पाय आणून लावल्यासारखं वाटतंय,' म्हणाली. आता वॉकर धरून पाय मागे ओढत चालते, ओली चादर ओढावी तसा.

एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये, घरी टेन्शन आहे का?" मग भावोजींना बाहेर बाजूला घेऊन म्हणाले, "लक्ष वेधून घ्यायचं असतं, फार विचारपूस करू नका." दार उघडं होतं. ताईने ऐकलं.

तेव्हापासून घरातला सूरच बदललाय. तिच्या सासूबाई वाईट नाहीत, पण चहाचा कप ठेवताना "रिपोर्टात तर काही नाही म्हणे" हे येतंच.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी ताईला झोपवून उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि टाच खाली दाबायला सांगितली. काही जोर नाही. मग म्हणाले, उजवा विसरा, डावा पाय वर उचला, आणि डाव्यावर स्वतः हाताने दाब दिला. ताईने डावा उचलायला जोर लावला तशी उजवी टाच त्यांच्या हातात खाली रुतली! त्यांनी भावोजींचा हात तिथे ठेवून पुन्हा करून दाखवलं. म्हणाले, फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. फिजिओ करा, सहा आठवड्यांनी या.

बाहेर पडलो आणि डोक्यात पन्नास प्रश्न. पायात जोर आहे म्हणजे ती मुद्दाम करतेय का? सायकिअॅट्रिस्टकडे न्यायचं का? फिजिओ नेमकी कसली, पाय तर धडधाकट आहे? ती स्वतः एकच वाक्य बोलतेय, "मला ठाण्याला पाठवा आता." आम्ही ठाण्यातच राहतो. कुठल्या ठाण्याबद्दल बोलतेय ते मराठी माणसाला सांगायला नको.

उकडीचा_मोदक | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

अगं काय हे. ताईला म्हणावं आम्ही विश्वास ठेवतो. बाकी जाणकार सांगतीलच.

निवृत्त_नौपाडा | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आमच्या वेळी याला हिस्टेरिया म्हणत. चाळीत एका मुलीला झटके यायचे, लगेच कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरायचं, नाहीतर चप्पल. मग कुणी म्हणे लग्न लावून द्या, सुटेल. लावलं. सुटलं नाही. ती पुढे कशी जगली ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो, 'काही नाहीये' या शब्दांवर विश्वास ठेवू नका.

रात्रपाळी | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा रेसिडेंट आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुम्ही वर्णन केलेली चाचणी ओळखीची आहे. तिला हूवरची खूण म्हणतात. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलेली. एमआरआय सोडा, सीटी स्कॅनही स्वप्नात नव्हतं तेव्हा.

तिचं तत्त्व साधं आहे. एक पाय जोराने उचलला की दुसरा आपोआप खाली रेटा देतो, नाहीतर आपण कलंडू. हा रेटा आपण ठरवून देत नाही. ताईंच्या मेंदूकडून पायाकडे जाणारी तार शाबूत आहे, म्हणून न ठरवता जोर येतो. ठरवून हलवायला गेलं की हुकूम वाटेतच अडतो. तंतूला इजा झाली असती, पक्षाघात असता, तर दोन्ही वेळा जोर कमीच लागला असता.

आता तुमचा पहिला प्रश्न. ढोंग करणारा माणूस आणि एफएनडीचा पेशंट यांत फरक हा की ढोंग्याला आपण ढोंग करतोय हे ठाऊक असतं. आपली हालचाल 'मी केली' ही जाणीव मेंदू सतत तयार करत असतो, आणि या आजारात त्या जाणिवेच्या यंत्रणेचं काम बिघडलेलं ब्रेन स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय. पेशंटला मी सांगतो, वायरिंग ठीक आहे, प्रोग्राम अडकलाय. मोबाइल पडलाही नाही, फुटलाही नाही, तरी हँग होतो, तसं.

आणि मुरगळलेला पाय, प्लास्टर, मग हे, यात आश्चर्य काही नाही. छोटी इजा, ताप, मायग्रेन, घाबरून दरदरून घाम फुटणं, अशा शारीरिक धक्क्यानंतर सुरुवात झाल्याचं पुष्कळांच्या बाबतीत आढळतं. तीन आठवडे मेंदूने 'उजवा पाय वापरायचा नाही' हे पाठ केलं, प्लास्टर निघाल्यावर ते पुसलं गेलं नाही.

शंकासुर | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

माफ करा, पण ही पळवाट नाही का? आजार सापडला नाही की 'फंक्शनल' म्हणायचं. दोन वर्षांनी ट्यूमर निघाला तर जबाबदार कोण?

रात्रपाळी | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

शंका रास्त आहे आणि जुनी आहे. १९६५ मध्ये लंडनच्या एलियट स्लेटर यांनी हेच लिहिलं होतं, की हिस्टेरिया म्हणून घरी पाठवलेल्यांत पुष्कळांना पुढे दुसरा आजार निघतो. त्या लेखाने दोन पिढ्यांचे डॉक्टर घाबरले. २००५ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा १९७० नंतरच्या निदानांत चुकीचं प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं. न्यूरॉलॉजीतल्या इतर निदानांतही साधारण इतक्या चुका होतात.

पण तुमचा मूळ मुद्दा बरोबर आहे. 'रिपोर्ट नॉर्मल म्हणून एफएनडी' हे निदान नव्हेच. पहिल्या हॉस्पिटलने तेच केलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हाताला लागणारी खूण शोधली आणि, माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट, ती घरच्यांना दाखवली. हात थरथरत असेल तर दुसऱ्या हाताने आम्ही एका ठेक्यात टिचक्या मारायला सांगतो. फंक्शनल कंप असेल तर थरथर थांबते किंवा त्या ठेक्यात शिरते. पार्किन्सनची थरथर आपला ठेका सोडत नाही. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीत निकषच बदलले. त्यात अशा खुणा हव्यात असं आलं, आणि 'मागे मानसिक धक्का असलाच पाहिजे' ही अट गेली. त्यामुळे 'घरी टेन्शन आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तरी निदान टिकतं.

एक सांगून ठेवतो, कारण धागा कोण कुठल्या परिस्थितीत वाचेल सांगता येत नाही. एका बाजूची शक्ती अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर एफएनडीचा विचार घरी करायचा नाही. आधी इस्पितळ.

पावलोपावली | ८ ऑक्टोबर, दुपारी १:००

मी फिजिओथेरपिस्ट, वाशी आणि ठाणे दोन्हीकडे काम करते. 'पाय धडधाकट आहे तर फिजिओ कसली' हा प्रश्न आमच्यातलेही विचारतात. त्यामुळेच अशा पेशंटला हीट, करंट आणि बेडवर 'उचला, अजून उचला, दहा वेळा' दिलं जातं. एफएनडीत हे नुसतं वाया जात नाही, उलटं पडू शकतं. लक्ष पायावर गेलं की पाय अडतो. आणि आपण सांगतो काय, तर सगळं लक्ष पायावर लावा!

मी काय करते ते सांगते. ताईंसाठी हेच चालेल असं नाही, दिशा कळावी म्हणून.

पहिल्या दिवशी पायाला हातच लावत नाही. तीच हूवरची चाचणी पुन्हा करते आणि या वेळी त्यांचा स्वतःचा हात त्यांच्या मांडीखाली ठेवते. स्नायू कडक झालेला त्यांनाच लागला पाहिजे. कित्येक जण तिथे रडतात. माझ्याकडे टिश्यूचा डबा व्यायामाच्या चेंडूंपेक्षा जास्त संपतो.

मग उभं करायचं, लवकर. हाताला धरून ओढायचं नाही, फार आधार द्यायचा नाही. उभ्या उभ्या वजन डावीकडून उजवीकडे, झोक्यासारखं. 'पाय उचला' हे वाक्य माझ्या खोलीत वर्ज्य. 'खिडकीपाशी जा', 'ती पिशवी इकडे आणा', असं कामाचं बोलायचं. उलटं चालणं, आडवं चालणं, जमिनीवर स्केटिंगसारखं पाय घसरवत जाणं, मोठ्या आरशासमोर चालणं. उलटं चालायचा 'चुकीचा पाठ' मेंदूने केलेला नसतो, म्हणून सरळ अडलेला माणूस उलटा भराभर जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्या नातेवाईकाला वाटतं, पकडली चोरी! तसं नाही. तीच वाट आहे. उलट्यातून तिरकं, तिरक्यातून सरळ.

ताईंना कधी लेझीम, गरबा, मंगळागौर, काही येत होतं का? विचारून सांगा.

वॉकर, काठी, पायाला बांधायचे पट्टे ही शक्यतो नकोत. सुरुवातीला तर नकोतच, कारण शरीर त्यांच्याभोवती नवी चाल बसवून टाकतं. पण उद्या सकाळी वॉकर काढून घेऊ नका. पडण्याची भीती बसली की महिनाभर मागे. ते फिजिओसमोर ठरवायचं.

खरं तेही सांगते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये अशा खास फिजिओथेरपीची ३५५ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आले. ठरलेल्या मोजपट्टीवर वर्षभरानंतर नेहमीच्या फिजिओपेक्षा फरक निघाला नाही. पण 'मला बरं वाटतंय, सुधारलोय' म्हणणारे खास गटात जास्त होते. म्हणजे जादू नाही. मी रोज हेच काम करते म्हणून मला तिची बाजू घ्यावीशी वाटते, एवढं धरून वाचा.

खाडीपल्याड | ८ ऑक्टोबर, रात्री ११:१०

पावलोपावली, मंगळागौर!! ताई सोसायटीच्या ग्रुपमध्ये होती, श्रावणात तीन ठिकाणी खेळली यंदा. झिम्मा, पिंगा सगळं. विचारलं तर पहिल्यांदा हसली इतक्या दिवसांत. मग म्हणाली, "आता कसला झिम्मा."

भावोजींना रात्रपाळींचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तिला दोनदा बोललोय." बास, एवढंच.

नऊ_बारा_लोकल | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

अनेक वर्षं नुसती वाचक होते, आज लिहितेय.

मला पाय नाही, झटके. फंक्शनल सीझर म्हणतात, डिसोसिएटिव्हही म्हणतात. पहिला आला तो ठाणे-वाशी गाडीत, घणसोली सुटल्यावर. लोकांनी कांदा नाही पण किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबला. पुढे तीन वर्षं मिरगीच्या गोळ्या, दोन प्रकारच्या. झोप, वजन, विसरभोळेपणा, आणि झटके तसेच.

शेवटी व्हिडिओ ईईजी झाला. डोक्याला वायरी, समोर कॅमेरा, आणि झटका येईपर्यंत अॅडमिट. दुसऱ्या दिवशी आला. झटका चालू असताना मेंदूच्या लहरी जाग्या माणसाच्या होत्या, मिरगीच्या नव्हत्या. डॉक्टरांनी नवऱ्याने काढलेले मोबाइलचे जुने व्हिडिओही बघितले. डोळे घट्ट मिटलेले, मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी दोन्हीकडे, मध्ये थांबून पुन्हा सुरू, दहा-दहा मिनिटं. ते म्हणाले, एकेका खुणेवर ठरवत नाही, पण सगळ्या मिळून बोलतात.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका कुणी. काहींना दोन्ही आजार असतात. माझ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या.

मला उपयोग झाला तो येण्याआधीची मिनिटं ओळखण्याचा. आवाज लांब जातात, बोटं मुंग्यांनी भरतात, कधी माझ्याच मागे उभी आहे असं वाटतं. तेव्हा मी पायाखालची लादी मोजते, पर्समधली वेलची चावते, समोरच्या पाटीवरची अक्षरं उलटी वाचते. सायकॉलॉजिस्टकडे १२ बैठका झाल्या. त्यांनी बालपण उकरलं नाही. 'झटका येईल' या भीतीने मी काय काय सोडून दिलंय त्याची यादी करायला लावली. दोन पानं झाली. गाडी, लिफ्ट, एकटीने आंघोळ. मग एकेक परत घेतलं.

झटके संपले का? नाही. महिन्याला आठ होते, आता दोन-तीन महिन्यांत एखादा. पण गाडीने जाते.

शंकासुर | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

हे वाचून माझा सूर मागे घेतो. प्रश्न ठेवतो: मग सायकिअॅट्रिस्ट हवा की नको? एकीकडे म्हणता मानसिक नाही, दुसरीकडे सायकॉलॉजिस्टच्या १२ बैठका.

रात्रपाळी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

'मानसिक की शारीरिक' ही फाळणीच इथे कामाची नाही. मेंदू एकच आहे, विभाग आम्ही पाडलेत. नैराश्य, पॅनिक, जुना आघात सोबत असेल तर त्यावर उपचार हवेतच, आणि बऱ्याच जणांत असतं. सगळ्यांत नसतं. झटक्यांवर सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची, बोलून करायची थेरपी) देऊन ब्रिटनमध्ये ३६८ जणांवर मोठी चाचणी झाली (२०२०). वर्षभरानंतर झटक्यांच्या संख्येत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण रोजच्या जगण्यातला त्रास कमी झाला. नऊ_बारा_लोकल यांचं 'पण गाडीने जाते' हे मला त्या निकालाचं मराठी भाषांतर वाटतं.

आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा विनोद. १९०१ पासूनची जुनी संस्था आहे, तिथे ओपीडी चालते, लोक सकाळी येऊन दुपारी घरी जातात. त्या नावाची भीती घालून आपण किती जणांना उपचारापासून लांब ठेवलंय कोण जाणे.

बेलापूरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ११:००

विम्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१: मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा आहे. त्यामुळे 'हे सायकिअॅट्रिक आहे' एवढ्यावर क्लेम नाकारला तर गप्प बसू नका, लेखी कारण मागा. बाहेरच्या फिजिओचे पैसे मात्र बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

(अवांतर: कोपरीहून ऐरोलीला रोज जाणाऱ्या प्रत्येकाचाच पाय कधीतरी संप करेल.)

खाडीपल्याड | २ नोव्हेंबर, रात्री १०:५५

धागा वर काढतेय.

फिजिओ मिळाली, पाचपाखाडीत. सुरुवातीलाच ताईला म्हणाली, "व्यायाम नको, तुम्ही मला झिम्मा शिकवा." ताई म्हणाली, उभं राहता येत नाही, शिकवू काय. तरी वॉकरला टेकून हाताने टाळ्या दाखवल्या. मग पावलं दाखवायची वेळ आली आणि ती बोलता बोलता, "अहो असं नाही, मागे, मागे घ्यायचं पाऊल," म्हणत दोन पावलं मागे गेली. उजवा पाय व्यवस्थित उचलून! वॉकर पुढेच राहिला. आम्ही तिघं बघत होतो. सासूबाई पण आल्या होत्या. मला वाटलं आता म्हणणार 'बघा, येतंय की'. फिजिओने त्यांच्याकडे बघून आधीच सांगितलं, "आजी, हेच आम्हाला हवं होतं. आता हे वाढवायचं." सासूबाई म्हणाल्या, "पिंगा पण येतो तिला."

दिवाळीत मात्र घसरली गाडी. फराळ, पाहुणे, प्रत्येकाचं "काय झालं नक्की?" भाऊबीजेला पाय पुन्हा लोळागोळा. तीन दिवस उठली नाही. फिजिओ म्हणाली, असं होणार हे आपण कागदावर लिहिलं होतं ना, तो कागद काढा. त्यावर ताईच्याच अक्षरात होतं: उलटं चालणे, स्वयंपाकघर ते गॅलरी. एक दिवस विश्रांती, तीन नाही. आणि खाली, 'सगळ्यांना उत्तर द्यायची गरज नाही.'

पाहुण्यांसाठी आता एक वाक्य ठरवलंय: "मेंदू आणि पायाचं बोलणं अडकलंय, फिजिओ चालू आहे, सुधारतंय." सासूबाईंनीच पाठ केलंय. फोनवर ठणकावून सांगतात.

निवृत्त_नौपाडा | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आजींना माझा नमस्कार कळवा.

पावलोपावली | ३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

तो कागद बघून फार बरं वाटलं. घरच्यांसाठी एक. पाणी आणून देणं, चपला घालून देणं, हे प्रेमाने होतं पण ताईंच्या वाटणीची पावलं खातं. आणि 'तुझं तू घे' म्हणून निघून जाणं हेही नको. मधलं काय, तर सोबत उभं राहायचं आणि हात मागे बांधून घ्यायचे. सोपं नाही, मी रोज पगार घेऊन करते तरी जमत नाही कधी कधी.

खाडीपल्याड | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

वॉकर माळ्यावर गेला. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी होते, मध्ये एकदा बसून. दमली की उजवा पाय अजून घासतो, चपलेच्या आवाजावरून कळतं. ऑफिसने आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलंय. स्टेशनचा तो जिना अजून जमलेला नाही, सध्या कोपरीच्या बाजूने जाते, लिफ्टने. फिजिओ म्हणते, यादीत आहे, जानेवारीत बघू.

डोंबिवली_फास्ट_नाही | १५ डिसेंबर, सकाळी ९:१५

पूर्ण धागा वाचला. माझ्या भाच्याचा (१९) उजवा हात दोन महिने थरथरतोय, लिहिताना जास्त, क्रिकेट खेळताना अजिबात नाही. घरी त्याला अभ्यासाची चुकवाचुकवी म्हणतात. न्यूरॉलॉजिस्टची वेळ २२ तारखेची मिळालीय. जाताना काय न्यावं?

खाडीपल्याड | १५ डिसेंबर, सकाळी ९:५०

मोबाइलवर दोन व्हिडिओ, एक लिहितानाचा, एक खेळतानाचा. क्रिकेटचा दाखवायला घाबरू नका, आम्ही ताईचं उलटं चालणं सुरुवातीला लपवत होतो. जी खूण सापडेल ती त्याला स्वतःला दाखवा असं डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टरांना काही खाजगी बोलायचं असेल तर दार लावून घ्या.